दुसरी लाइन

फियाटचं ब्रेक पेडल दाबताना पायाला जे घट्ट लागतं, ते लोखंड नसतं. ते तेल असतं. पेडलमागे एक दांडी, दांडीपुढे मास्टर सिलिंडर, त्यात एक छोटा पिस्टन आणि पिस्टनच्या तोंडाशी रबराचा कप. गॅरेजमध्ये त्याला सगळे वायसर म्हणतात. त्या वायसरच्या पुढे चारही चाकांपर्यंत बारीक पाइप गेलेले, ब्रेक ऑइलने काठोकाठ भरलेले. पायाचा जोर पेडलच्या तरफेने आधीच काही पट वाढतो, मग तो तेलावर पडतो आणि तेल तो दाब जसाच्या तसा चाकांपर्यंत नेतं. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पसरतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच दाखवून दिलं होतं. त्या दाबाने व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर सरकतात, ब्रेक शू ड्रमला आतून भिडतात आणि गाडी थांबते. या सगळ्यात तेल जागचं हलतं ते जेमतेम चमचा-दीड चमचा. चार माणसांचे जीव, हजार किलोची गाडी आणि समोर रस्ता ओलांडणारं एखादं पोर यांच्यामध्ये ते चमचाभर तेल उभं असतं.

आमची गाडी १९६९ सालची फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, पुढची सीट सलग बाकासारखी आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. हीच गाडी पुढे थोड्याफार फरकाने प्रीमियर पद्मिनी म्हणून घराघरात आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पोचली. बाबांनी ती वापरलेली अशीच विकत घेतली आणि आयुष्यभर सांभाळली. आता ती माझ्याकडे आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी ‘विंटेज’ ठरते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मूळ रूप म्हणजे काय काय, याचा विचार मला ब्रेकनेच करायला लावला.

आमच्या गाडीच्या ब्रेकला एकच लाइन आहे. एक मास्टर सिलिंडर, त्यात एकच दाबाचा कप्पा आणि त्यातूनच चारही चाकांना तेल. डाव्या मागच्या चाकाशी एक वायसर फाटला, तर दाब फक्त त्या चाकाचा जात नाही, चारही चाकांचा जातो. कारण उघड आहे. दाबाखालचं तेल जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. एक वाट उघडी असेल तर बाकीच्या तीन बंद वाटांवर दाब उभा राहूच शकत नाही. नंतरच्या गाड्यांत मास्टर सिलिंडर दुहेरी झाला, दोन स्वतंत्र लाइनी आल्या. एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना असे दुहेरी ब्रेक सक्तीचे झाले. त्यानंतरच्या वर्षी कुर्ल्याहून निघालेल्या आमच्या गाडीला ती सोय मिळाली नाही. तिच्या ब्रेकला दुसरी संधी नाही.

तेलाच्या ब्रेकआधी सळया आणि तारा होत्या. चारही चाकांना सारखा जोर पोचवायचा तर प्रत्येक सळईची लांबी सतत जुळवत बसावं लागे. एक जरा ढिली झाली की गाडी आडवी ओढली जाई. अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीड यांनी सळईच्या जागी द्रव आणला आणि १९२१ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांवर तेलाचे ब्रेक दिसू लागले. द्रव कुणाची बाजू घेत नाही. चारही चाकांना तो आपोआप सारखंच देतो. हा त्याचा मोठा गुण. पण त्याच गुणामुळे एका चाकाचं दुखणं तो बाकीच्यांनाही सारखंच वाटून देतो.

ब्रेक गाडी थांबवतात म्हणजे नेमकं काय करतात? ते वेगाची उष्णता करतात. हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिला थांबवताना जेवढी उष्णता निघते तेवढ्यात जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता शू आणि ड्रमच्या घासण्यातून निर्माण होते आणि बिडाच्या त्या चार ड्रमना ती हवेत सोडायची असते. आता घाट घ्या. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. तेवढी उंची फक्त ब्रेकवर उतरवायची ठरवली, तर ६० च्या वेगावरून लागोपाठ पस्तीस वेळा गाडी थांबवण्याइतकी उष्णता ड्रमच्या माथी येते. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम होता: घाट ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. बाबा जुन्या रस्त्याने बोरघाट उतरताना दांडा खाली घेऊन गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकत. इंजिन भरून आवाज करी, मागून येणारे हॉर्न देत, आम्ही मागच्या सीटवर कंटाळून जात असू. बाबा म्हणत, “इंजिनला ओरडू दे. ब्रेक खाली खोपोलीत लागणार आहेत.” त्या वाक्यात किती भौतिकशास्त्र होतं ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

ब्रेक ऑइलला तेल म्हटलं जातं, पण ते इंजिन ऑइलच्या जातीचं नाही. ते ग्लायकॉलच्या कुळातलं रसायन आहे आणि त्याला हवेतलं पाणी शोषून घ्यायची खोड आहे. रबरी होजमधून, तेलाच्या डब्याच्या झाकणातल्या छिद्रातून ओल आत शिरते. डॉट थ्री प्रतीचं नवं तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की प्रमाणाप्रमाणे ही मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ड्रम तापतात, ती आच व्हील सिलिंडरपर्यंत येते, तेलातलं पाणी उकळतं आणि पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. मग पेडल थेट तळाला जातं. माणूस कशीबशी गाडी थांबवतो, तासाभराने पुन्हा दाबून बघतो तर ब्रेक उत्तम! वाफ निवून परत द्रव झालेली असते. गॅरेजमध्ये नेलेल्या अशा गाडीत काहीच सापडत नाही, आणि दोष ड्रायव्हरच्या पायाला दिला जातो. आपल्या कोकणपट्टीच्या, मुंबईच्या दमट हवेत म्हणूनच गाडी चालली असो वा नसो, दोन वर्षांत ब्रेक ऑइल बदलायलाच हवं.

आमच्या गाडीचं दुखणं मात्र वेगळं निघालं. बाबांच्या आजारपणात ती बराच काळ उभी होती. पुन्हा रस्त्यावर काढल्यावर काही दिवस सगळं ठीक वाटलं. मग एका सिग्नलला, उतारावर पेडलवर पाय ठेवून थांबलेली असताना, पाय हळूहळू खाली जायला लागला. धक्का नाही, आवाज नाही. नुसतं अगदी सावकाश, पेडल पायाखालून निघून चाललं होतं. मी हँडब्रेक ओढला. तो तेलावर अवलंबून नसतो, त्याची यंत्रणा वेगळी असते, म्हणून गाडी जागीच राहिली. पेडल सोडून पुन्हा दाबलं तर ते वर आलं, घट्ट लागलं आणि पुन्हा तसंच उतरायला लागलं.

आमचे मिस्त्री या गाड्यांमध्येच म्हातारे झालेले. गाडी त्यांच्या दारात उभी केली तेव्हा त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. दाबल्यावर पेडल स्पंजासारखं लागतं की घट्ट? दोन-तीनदा मारल्यावर वर येतं का? गाडी कुठल्या बाजूला ओढते? झाकणाखालचं तेल कमी होतंय का? मी म्हटलं, “मिस्त्री, वायसरचं किटच बदलून टाकूया ना सगळं.” ते म्हणाले, “बदलू, ताई. पण आधी कुठं दुखतंय ते तर कळू द्या. अंदाजानं पार्ट बदलला आणि ब्रेक लागला, तर तो का लागला ते आपल्याला कधीच कळणार नाही. मग उद्या तो का गेला ते तरी कसं कळेल?”

त्यांच्या प्रत्येक प्रश्नामागे एक कारण होतं. पेडल स्पंजासारखं दबत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. पहिल्यांदा खोल जात असेल आणि पंप मारल्यावर वर येत असेल, तर बहुतेक वेळा शू झिजून ड्रमपासून लांब गेले आहेत, अ‍ॅडजस्टमेंट हवी. पेडल दगडासारखं घट्ट आहे आणि तरी गाडी थांबत नाही, तर दाब पोचतोय, पण शूंवरचे लायनर तेलकट झालेत किंवा तापून काचेसारखे गुळगुळीत झालेत. गाडी एका बाजूला ओढते, तर एक चाक जास्त काम करतंय किंवा समोरचं कमी. आणि एकसारख्या दाबाखाली पेडल सावकाश उतरत असेल, तर कुठूनतरी तेल निसटतंय. बाहेर निसटत असेल तर झाकणाखालची पातळी खाली जाणार, चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पाइपवर ओल दिसणार. पातळी हलत नसेल, तर तेल आतल्या आत निसटतंय.

पातळी हलली नव्हती. तरी त्यांनी चारही ड्रम उघडले, कारण बाहेरून न दिसणारा पाझर ड्रमच्या आत साठू शकतो. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, म्हणून ती हवेच्या नळीने न उडवता ओल्या फडक्याने पुसली. व्हील सिलिंडरवरच्या रबरी टोप्यांची कड उचलून आत बघितलं. सगळ्या कोरड्या. मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. मास्टर सिलिंडरमधून चाकांकडे निघणारा पाइप सोडवला आणि त्या तोंडाला आटे जुळणारा बोल्ट लावून ते बंद करून टाकलं. आता मास्टर सिलिंडर एकटा होता. चाकं, होज, पाइप कुणाचाच संबंध उरला नव्हता. “दाबा ताई, आणि धरून ठेवा.” मी दाबलं. पेडल घट्ट लागलं आणि मग हळूहळू, तसंच, उतरत गेलं.

अर्ध्या गाडीवरचा संशय एका बोल्टने फिटला. पेडल उतरलं नसतं, तर मास्टर सिलिंडर निर्दोष ठरला असता आणि शोध पुढच्या पाइपांत गेला असता. दोन्हींपैकी कुठलंही उत्तर आलं असतं तरी ते उपयोगाचंच होतं. चांगल्या परीक्षेचं लक्षण हेच आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी आपण पूर्वी होतो तिथेच राहतो, तो प्रश्न विचारण्यात वेळ जातो. हे मी पुस्तकांतून वाचलं असेन, पण पायाच्या तळव्याला ते समजलं त्या दिवशी.

मास्टर सिलिंडर खोलला. आतून गढूळ, चहाच्या रंगाचं तेल निघालं आणि तळाशी काळा गाळ. सिलिंडरच्या पोटाचा मागचा भाग आरशासारखा होता आणि पुढचा भाग खडबडीत, गंजाचे बारीक खड्डे पडलेला. मिस्त्रींनी टॉर्च धरून मला दाखवलं. रोजच्या वापरात पेडल अर्ध्यापर्यंतच जातं, वायसर तेवढ्याच भागात मागे-पुढे होतो आणि तो भाग घासून स्वच्छ राहतो. पुढचा भाग वर्षानुवर्षं वायसरने पाहिलेलाच नसतो. पाणी मुरलेलं जुनं तेल तिथे तसंच पडून राहतं आणि गंज चढतो. मग कुणीतरी कधीतरी लाइनमधली हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबतं, नाजूक ओठाचा तो वायसर त्या खडबडीत भागावरून फरफटत जातो आणि त्याची कड कापली जाते. त्यामुळेच जुन्या गाडीत हवा काढायच्या कामानंतर, म्हणजे ब्रेक सुधारण्याच्या कामानंतरच, ब्रेक बिघडल्याच्या तक्रारी येतात. यावर त्यांचा उपाय साधा आहे. हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, म्हणजे पेडल तळाला जाणारच नाही.

हलका डाग असता तर बारीक घासून निघाला असता. खड्डे घासून जात नाहीत; खड्डे जाईपर्यंत घासलं तर पोट मोठं होतं आणि वायसर सैल पडतो. नवा मास्टर सिलिंडर घ्यायचा किंवा जुन्याला आतून पितळी स्लीव्ह बसवायची, असे दोन मार्ग होते. मूळ भाग वाचवावा म्हणून आम्ही स्लीव्ह बसवायचं ठरवलं. लेथवरचं हे काम मी पूर्ण वेळ उभी राहून बघितलं. स्लीव्ह बसवणं अवघड असलं तरी त्याहून जपून करायचं काम पुढे होतं. मास्टर सिलिंडरच्या पोटात, वायसर विसाव्याला असतो त्याच्या जरासं पुढे, सुईच्या जाडीचं एक भोक असतं. पाय सुटलेला असताना याच भोकातून पाइपमधलं तेल आणि झाकणाखालचं तेल यांची देवाणघेवाण चालते. ब्रेक तापले, तेल फुगलं, की जादाचं तेल इथून मागे जातं. हे भोक बुजलं किंवा चुकीच्या जागी पडलं, तर फुगलेल्या तेलाला जागा मिळत नाही. ते शूंना बाहेर ढकलतं, शू ड्रमला घासतात, आणखी उष्णता, आणखी फुगवटा, आणि पाय न लावताच ब्रेक धरून बसतात. पेडलच्या दांडीत किंचित मोकळी चाल ठेवतात ती याचसाठी, की पाय सुटल्यावर वायसर पूर्ण मागे यावा आणि ते भोक उघडं पडावं. ब्रेक लागायला जितकी काळजी लागते तितकीच काळजी तो सुटायला लागते, ही गोष्ट मला त्या बारीक भोकाने शिकवली. लेथवाल्यांनी स्लीव्हमध्ये ते भोक मूळ जागी पाडलं आणि त्याची आतली कड हाताने गुळगुळीत केली, कारण तिथे राहिलेली केसाएवढी धारही नवा वायसर कापून टाकते.

नवं किट बसवताना रबराला रॉकेल किंवा पेट्रोल लागू दिलं नाही. खनिज तेलाने हे रबर फुगतं आणि मऊ पडतं. रबर धुतलं ते नव्या ब्रेक ऑइलमध्येच. चुकून ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल पडलं, तर सगळ्या गाडीतले वायसर बदलावे लागतात, एवढं हे प्रकरण नाजूक आहे. रंगाशीही ब्रेक ऑइलचं वैर आहे. बॉनेटवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचा.

मग हवा काढायचं काम. हे एका माणसाचं काम नाही. एक पेडलवर आणि एक चाकाशी लागतो. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची आणि जवळ येत जायचं. व्हील सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी लावायची, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. गाडीखालून आवाज येतो, “दाबा.” मी म्हणते, “दाबलं.” “धरा.” निपल उघडतो, पाय ठोकळ्यापर्यंत खाली जातो, नळीतून बुडबुडे निघतात. निपल बंद झाल्याचं खालून कळेपर्यंत पाय उचलायचा नाही. आधी उचलला तर काढलेली हवा परत आत. “सोडा.” मध्ये मध्ये वरचं तेल बघत राहायचं, ते संपलं तर सगळं पहिल्यापासून. आम्ही दोघं एकमेकांना दिसत नव्हतो. त्या चार शब्दांवरच सगळं चाललं होतं, आणि प्रत्येक शब्दाला उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा शब्द येत नव्हता. बाबा आणि हेच मिस्त्री असंच हे काम करत आले होते. त्या आवाजाच्या तालात बाबांची जागा मी घेतली होती आणि ती घेताना मला मनापासून बरं वाटलं.

पेडल घट्ट झालं, उतरणं थांबलं. तरी गाडी मिळाली नाही. मिस्त्रींनी मला सोबत घेऊन फेरी मारली, परत आल्यावर उतरून प्रत्येक ड्रमजवळ हाताची मागची बाजू नेली. पुढचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा गरम. गाडी हलकीशी डावीकडे ओढतही होती. चाक जॅकवर उचललं, ब्रेक दाबून सोडला. चाक हाताने फिरेना. मग पुन्हा एक दुहेरी प्रश्न. निपल उघडला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. निपल उघडूनही चाक अडकलेलंच असतं, तर शूची स्प्रिंग किंवा पिस्टन अडकला असता. चिळकांडीने सांगितलं की दाब आत कोंडला गेला होता. बाकीची तीन चाकं मोकळी होती, तेव्हा कोंडणारी वस्तू याच चाकाच्या वाटेवर होती: रबरी होज. बाहेरून तो ठणठणीत दिसत होता. कापून बघितल्यावर आतलं रबर सुजून त्याची एक पापडी सुटलेली दिसली. पायाच्या जोराने तेल तिला ढकलून चाकाकडे जाई, पण शूच्या स्प्रिंगच्या क्षीण जोराने परत येताना ती पापडी दार लावून घेई. गाडीतले सगळेच होज एकाच वेळी बदलले, कारण त्यांचं वय एकच होतं.

मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्यांनी याच पद्धतीच्या ब्रेकवर पिढ्यान् पिढ्या शहर वाहिलं. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पहिल्या काही फटक्यांत ब्रेक धरत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर गाडी हळू चालवत पेडल हलकं दाबून ठेवायचं, म्हणजे घर्षणाने लायनर सुकतात, हे त्या चालकांना कुणी शिकवावं लागत नसे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर तिची जात उरली नाही. तेव्हा वर्तमानपत्रांत टॅक्सीचे फोटो खूप आले. त्या टॅक्सीबरोबर एक ज्ञानही रस्त्यावरून उठून चाललं होतं: पायाच्या तळव्याने दाब ओळखण्याचं, हाताच्या मागच्या बाजूने चार चाकांची ऊब ताडून बघण्याचं, ओढ कुठल्या बाजूला आहे यावरून दुखणं सांगण्याचं. त्याचा फोटो निघत नाही.

गाडी नीट झाल्यावर ओळखीच्या काहींनी कळकळीने सुचवलं, की दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून टाक, पुढे डिस्क ब्रेक लाव. ज्यांची जुनी गाडी रोज महामार्गावर धावते, त्यांना मीही तेच सुचवीन. माणसाच्या जिवापुढे मूळ रूपाचा हट्ट धरू नये. आमची गाडी थोडी चालते, हळू चालते, आणि तिची मूळ रचना जपावी असं मला वाटतं. पण मग तिच्या रचनेत जे नाही ते कुठूनतरी भरून काढायला हवं. नव्या गाडीत दुसरी लाइन कारखाना देतो. जुन्या गाडीत ती दुसरी लाइन म्हणजे माणसाचं लक्ष. गाडी सुरू करण्याआधी पेडल दाबून पाव मिनिट धरून ठेवणं, ते उतरतं का बघणं. दर पंधरवड्याला झाकण उघडून तेलाची पातळी बघणं आणि ती खाली गेली असेल तर नुसतं तेल न ओतता ते कुठे गेलं हे शोधणं. पावसाळा संपला की ड्रम उघडणं. दोन वर्षांत तेल आणि काही वर्षांनी होज, ते चांगले दिसत असतानाच बदलणं. घाटाच्या माथ्यावर गिअर उतरवणं. आणि हे सगळं करूनही एखाद्या दिवशी पाय तळाला गेलाच, तर पेडलला भराभर पंप मारायचे, गिअर एकेक खाली घ्यायचा, हँडब्रेक झटक्याने न ओढता सावकाश ओढायचा, हे हाताला आधीच माहीत करून ठेवणं. यातलं एकही काम अवघड नाही. ते कंटाळा न करता करत राहणं मात्र अवघड आहे, आणि जुनी गाडी जपणं म्हणजे मुख्यतः तेवढंच आहे. रंग आणि क्रोम चमकवणाऱ्या प्रत्येकाने आधी हे करावं, असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं, कारण न थांबणारी सुंदर गाडी रस्त्यावरच्या परक्या माणसाला धोक्यात घालते आणि त्या माणसाने आपल्या हौसेला संमती दिलेली नसते.

म्हणूनच मूळ रूपाची व्याख्या मला कागदावरच्या नियमापेक्षा मोठी करावीशी वाटते. इंजिन नंबर, बॉडी, स्टिअरिंगजवळचा दांडा हे मूळ रूप आहेच. पण ही गाडी ज्या रीतीने तपासली जायची ती रीतही तिच्या मूळ रूपात धरली पाहिजे. ती रीत कुणाला न देता गाडी ठेवली, तर निम्मीच गाडी ठेवल्यासारखं होईल. सध्या माझी भाची तिच्यावर चालवायला शिकते आहे. किल्ली हातात घेतल्यावर तिने विचारलं, “मावशी, ब्रेक चांगले आहेत ना?” मी तिला सांगितलं, “माझ्या शब्दावर जाऊ नकोस. दाबून धर आणि तूच मला सांग.” तिने दाबून धरलं, पायाकडे लक्ष देऊन थांबली, मग उतरून बॉनेट उघडलं, तेलाची पातळी बघितली, आणि म्हणाली, “आहेत.” तेव्हाच मी तिच्या शेजारी जाऊन बसले.